कट्ट्याची पेठ पुन्हा भरवायची तर

"कट्ट्यार काय गावता? बरा काय घेवचा तर मालवणाक जावक व्हया." असे म्हणणारा माणूस बहुधा सिंधुदुर्गातल्या कट्ट्याच्या नाक्यावरच एसटीची वाट बघत उभा असतो. म्हणजे गिऱ्हाईक पेठेत आहे, त्याची पिशवी मात्र मालवणला किंवा कुडाळला भरते. बाजारपेठ सावरण्याच्या बहुतेक योजना हे ध्यानात घेत नाहीत. गिऱ्हाईक कुठून तरी आणायचे आहे असे धरून त्या कमान, पेव्हर ब्लॉक आणि रंगरंगोटीपासून सुरू होतात. कट्ट्याला माणसे आणावी लागत नाहीत. मालवण-कसाल रस्ता इथून जातो, वराडकर हायस्कूलची मुले रोज येतात, ग्रामीण रुग्णालयात आजूबाजूच्या गावांतले रुग्ण येतात आणि त्यांच्याबरोबर घरचे एखादे माणूस असतेच. आलेल्याने थांबावे आणि यादीतल्या चार वस्तू इथेच घ्याव्यात, एवढेच साधायचे आहे. त्यासाठी ही कृती. चौक्यासारख्या शेजारच्या पेठेलाही ती थोड्या फरकाने चालेल.

साहित्य आणि मुहूर्त

मोठ्या कागदावर हाताने काढलेला पेठेचा नकाशा, दोनशेपानी वही, चुन्याची फक्की, सुतळी, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना ८, एसटीचे वेळापत्रक, हायस्कूलची सात-आठ मुले, आणि पेठेत स्वतःचे दुकान नसलेला पण सगळ्यांना चालणारा एक माणूस. निवृत्त मास्तर असेल तर उत्तम. हे शेवटचे साहित्य सगळ्यांत दुर्मीळ आहे आणि ते मिळेपर्यंत बाकीच्याला हात लावू नये. दुकानदारांतलाच कोणी पुढे झाला की दुसऱ्या दिवशी "ह्येचो फायदो काय?" ही कुजबुज सुरू होते आणि काम तिथेच बसते.

यादीत पैसा नाही, कारण पहिले चार महिने तो लागत नाही.

सुरुवात दिवाळीनंतर करावी. पाऊस गेलेला असतो, भातकापणी उरकलेली असते, चाकरमानी मुंबईला परतलेले असतात. तेव्हा दिसते ती पेठ खरी. मे महिन्यात किंवा चतुर्थीला मोजणी केली तर आकडे फुगतात आणि सगळे छान चालले आहे असा भ्रम होतो. दिवाळीनंतर मोजायचे, शिमग्यापर्यंत वेळा आणि जागा लावायच्या, मे महिन्यात पहिला प्रयोग आणि चतुर्थीला परीक्षा, असा एका वर्षाचा हा क्रम आहे.

१. पेठेची हद्द काढा

ही पेठ एका गावाची नाही. पेंडूर, वराड, गुरामवाड ही गावे इथे एकमेकांना लागून आहेत आणि गिऱ्हाईक कुठल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभे आहे हे त्याला ठाऊकही नसते. कागदावर मात्र गटार एकाचे, दिवा दुसऱ्याचा आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. म्हणून पहिल्या आठवड्यात नकाशा. पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत चालत जायचे आणि प्रत्येक गाळा नोंदवायचा: काय विकतात, कधी उघडतात, गाळा बंद असेल तर किती दिवस आणि मालक कोण. मालकाचे नाव नमुना ८ वर सापडते. त्याचा पत्ता मात्र शेजारच्याकडून घ्यावा लागतो, कारण तो लालबागला किंवा डोंबिवलीला असतो.

नकाशा झाला की प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक सदस्य, दुकानदारांचे दोघे, बाजारात जमिनीवर बसून विकणाऱ्या बायांपैकी दोघी, रिक्षावाल्यांचा एक आणि बचतगटांची एक अशी समिती करावी. बसून विकणाऱ्या दोघी नसतील तर समिती करू नका. जागेचा प्रश्न येतो तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनाच उठवले जाते आणि पेठेची गर्दी तर त्यांच्यामुळेच असते.

मग सगळ्या ग्रामपंचायतींत एकाच मजकुराचा ठराव न्यायचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या रूढ तारखा. त्यांतली २६ जानेवारी साधावी. अधिकार आहे की नाही अशी शंका कोणी काढली तर घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याच्या विषयांत बाविसावा विषय "बाजार आणि जत्रा" असा आहे, हे दाखवावे. मजकूर एकच हवा. शब्द बदलले की पुढे दोन ग्रामसेवक दोन अर्थ काढतात.

२. मोजा, आणि पिशवीत बघा

सगळी कृती या पायरीवर उभी आहे, म्हणून इथे घाई नको.

तीन दिवस निवडा: आठवडा बाजाराचा दिवस, एक साधा कामाचा दिवस आणि एक रविवार. प्रत्येक दिवशी सकाळी आठ ते दहा, दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात दोन-दोन मुले नाक्यावर आणि पेठेच्या दोन्ही टोकांना बसवा. वहीत तीनच रकाने: गेले, थांबले, घेतले. पेठेतून सरळ पुढे गेलेला पहिल्या रकान्यात. उतरला, उभा राहिला, कुणाशी बोलला तो दुसऱ्यात. हातात पुडी किंवा पिशवी घेऊन निघाला तो तिसऱ्यात. बाईमाणूस, बापयमाणूस आणि शाळकरी पोर यांच्यासाठी वेगळी खूण ठेवली तर पुढे उपयोग होतो. दुपारच्या वेळेला "तेव्हा कोण असता?" म्हणून मुलांना घरी पाठवण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण दुपारचा आकडाच पुढे कामाला येतो.

गेलेल्यांचा आकडा मोठा आणि थांबलेल्यांचा लहान असेल तर दोष जागेचा: गाडी लावायला जागा नाही, सावली नाही, बसायला काही नाही. थांबलेले पुष्कळ आणि घेतलेले थोडे असतील तर दोष मालाचा किंवा वेळेचा. हे दोन रोग वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. एकाचे औषध दुसऱ्याला देऊन अनेक गावांनी पैसे घालवले आहेत.

दुसरा भाग अवघड, पण गमतीचा आहे. मालवणचा आठवडा बाजार सोमवारी आणि कुडाळचा बुधवारी. त्या दोन्ही दिवशी दुपारनंतर परतणाऱ्या एसटी कट्ट्याला थांबल्या की उतरणाऱ्यांना तीन प्रश्न विचारायचे. पिशवीत काय आहे? ते कट्ट्याला मिळत नाही का? मिळत असेल तर इथे का नाही घेतले? विचारणारी शक्यतो गावातलीच बाई असावी. अनोळखी तरुण वही घेऊन समोर आला तर लोक रेशनकार्डाची चौकशी समजून गप्प होतात. नाव विचारू नका, रक्कम विचारू नका, दुकानदाराचे नाव आले तर लिहू नका. पन्नास-साठ पिशव्या झाल्या की उत्तरे पुन्हा पुन्हा तीच येऊ लागतात. तिथे थांबा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे दर महागाचा म्हणून कमी आणि भलत्याच कारणांनी जास्त येतील, याची तयारी ठेवा. दुकान दुपारी बंद होते. सुटे नव्हते. माप घालून बघता येत नाही. मासे सकाळीच संपतात. आणि बाया एकमेकींना सांगतात पण वहीवाल्याला सांगत नाहीत ते कारण: तासभर बाजार करायचा तर पेठेत बायकांना जायला स्वच्छ जागा नाही.

३. गळतीची यादी करा

पिशव्यांतल्या वस्तू एका लांब कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे अ, ब किंवा क लिहा.

'अ' म्हणजे सोडून द्यायच्या. मोबाइल, टीव्ही, लग्नाचा शालू, ब्रँडेड बूट. यांत मालवण-कुडाळशी आणि घरपोच येणाऱ्या खोक्यांशी कट्ट्याने झुंजू नये.

'ब' म्हणजे दुकानदाराने ठेवल्या तर इथेच खपतील अशा. शाळेच्या वह्या-गणवेश, नळाचे सुटे भाग, ग्रासकटरचा दोरा, औषधे, पायातल्या साध्या वहाणा. ही यादी बंद पाकिटात एकाच दुकानदाराला देऊ नका. सगळ्यांसमोर वाचा आणि कोण काय ठेवणार ते तिथेच वाटून घ्या. सहा किराणा दुकानांत सहाही जण तेच बिस्कीट ठेवतात आणि नळाचा वॉशर कुणाकडेच नसतो, हे चित्र त्यानेच बदलते.

'क' मध्ये पेठेचा प्राण आहे. तिथे माणसाला स्वतः यावेच लागते आणि वाट बघत थांबावे लागते अशी कामे: मसाल्याचे कांडप, भाताची गिरण, तेलाचा घाणा, शिवणकाम, पंपाची मोटार गुंडाळणे, कोयत्या-पारयांना धार लावणे, चष्मा, दाढी-कटिंग. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम असतो. बेडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवून, धणे-खसखस-दगडफूल भाजून बाया कांडपाला येतात. एक मसाला घरासाठी आणि दोन मुंबईच्या पोरांसाठी. डंकावर रांग असते. त्या तास-दीड तासात बाई चहा पिते, भाजी घेते, पोराला चप्पल बघते, सुक्या मासळीच्या वाटेकडे वळते. एखादी पेठ वाचवायला एकच गाळा भाड्याने द्यायचा असेल तर तो कांडपवाल्याला द्यावा, मोबाइलच्या दुकानाला नव्हे. मोबाइलवाला भाडे जास्त देईल, हे मान्य करूनही.

उधारीची वही या 'क'मध्येच धरा. काजू बी विकली की, आंब्याचा हिशेब झाला की फेडायची उधारी ही सोय फोनवरून माल पाठवणाऱ्या कंपनीकडे नाही. पण ती गुपचूप चालते म्हणून बुडते. किती रुपयांपर्यंत आणि किती महिन्यांची, हे दुकानदारांनी आपसात ठरवून सगळ्यांनी एकच नियम पाळावा. एकाकडे थकवून दुसऱ्याकडे नवी वही उघडणाऱ्याचा रस्ता त्याने बंद होतो.

४. वेळा जुळवा

यात एक पैसा खर्च नाही आणि फरक मात्र पहिल्या आठवड्यात दिसतो. दुपारी जेवून तासभर पडणे हा कोकणातल्या दुकानदाराचा जुना हक्क आहे आणि तो काढून घ्यावा असे मला अजिबात वाटत नाही. पण रुग्णालयाची ओपीडी संपते, शाळा सुटते, बाहेरगावची एसटी येते तेव्हा पेठेत एकही शटर वर नसणे परवडणारे नाही. पाळी लावा. किराणाची सहा दुकाने असतील तर दर दुपारी दोन उघडी. औषधाचे एक, झेरॉक्सचे एक, चहाचे एक. पाळीचा तक्ता एसटीच्या थांब्यावर मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे कुठला दरवाजा वाजवायचा ते माणसाला कळते. संध्याकाळी शेवटची मोठी एसटी येऊन जाईपर्यंत निदान निम्मी पेठ उजेडात असावी. सातला अंधार होणाऱ्या पेठेत बाई एकटी थांबत नाही.

पाळी मोडणाऱ्याला दंड नको. त्याचे नाव तक्त्यावरून पुसायचे. तेवढे पुरते.

५. जागा: आधी फक्की, मग सिमेंट

रिक्षा कुठे, दुचाकी कुठे, भाजी-मासळी कुठे, टेम्पो माल कधी उतरवणार, हे आधी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखा आणि एका बाजाराच्या दिवशी तसे चालवून बघा. जमले नाही तर पुढच्या बाजाराला रेघ सरकवा. फक्की पावसाने धुऊन जाते, सिमेंट पन्नास वर्षे डोळ्यांत खुपते. तीन-चार बाजार सुरळीत गेल्यावर नकाशा घेऊन सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावे. रस्ता त्यांचा आहे; पांढरा पट्टाही त्यांना न विचारता मारू नये.

भाजीवाल्या आणि मासळीवाल्या रस्त्याकडेला बसतात त्या नाइलाजाने, असे समजून त्यांना मागच्या बाजूला पत्र्याची शेड बांधून देणे ही आपल्याकडची ठरलेली चूक आहे. महाराष्ट्रात गावोगावी अशा शेड रिकाम्या पडल्या आहेत. त्यांत बकऱ्या बसतात. विकणारी बाई माणसांची वर्दळ बघून बसते. तिला वर्दळीपासून हलवायचे नसते. तिच्यासाठी वर्दळीतच तीन फूट आत उंच ओटा, डोक्यावर छप्पर आणि मासळीसाठी पाण्याचा नळ द्यायचा असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी कुठे बसायचे याच्या ओळी वर्षानुवर्षे ठरलेल्या आहेत. गिऱ्हाईक डोळे मिटून केळ्यांकडे जाते, डोळे मिटून चोरिसांकडे. कट्ट्याला तेवढा पसारा नाही, पण ओळ हवीच: मासळी एका बाजूला उताराकडे, भाजी-फळे मध्ये, सुपे-रोवळ्या आणि कोयते कडेला.

छपराची गोष्ट निघालीच आहे तर पडवीबद्दल सांगायला हवे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुन्या कौलारू दुकानांना पुढे ओटा आणि पडवी असायची. गिऱ्हाईक एका पडवीतून दुसऱ्या पडवीत जाई आणि भिजत नसे. स्लॅब आणि शटर आल्यावर पडवी गेली, आणि पागोळ्या थेट दारात उभ्या माणसाच्या मानेवर पडू लागल्या. जून ते सप्टेंबर धंदा मंदावतो त्याचे एक कारण हे आहे, आणि ते आभाळाच्या नावावर खपवले जाते. सगळ्या दुकानांनी एकाच उंचीवर, एकाच रुंदीची, एकमेकांना जोडलेली पत्र्याची किंवा कौलांची पडवी काढावी आणि तिच्या काठाला पन्हळ लावावी. पडवी रस्त्याच्या हद्दीत जात असेल तर इथेही परवानगी आधी. खर्च दुकानदाराचा, माप समितीचे.

स्वच्छतागृह. १५व्या वित्त आयोगाच्या अनुदानात ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या रकमेपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती, म्हणजे बाजारातल्या स्वच्छतागृहाला पैसा मिळत नाही ही सबब टिकत नाही. काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मात्र वेळेवर बसवावे लागते. बांधणे सोपे असते, राखणे कठीण. किल्ली एखाद्या बचतगटाकडे द्यावी, दोन-पाच रुपये घ्यावेत आणि दारात पाणी-साबण आहे की नाही हे समितीने दर बाजाराला बघावे. कुलूप लावलेले स्वच्छतागृह असण्यापेक्षा नसलेले परवडले.

६. बंद गाळे उघडा

पेठेच्या मधोमध तीन शटर सलग बंद असली की चालणारा माणूस तिथूनच मागे वळतो. मालक गाळा देत नाही त्याची कारणे दोन. एकदा दिलेला भाडेकरू निघणार नाही ही भीती, आणि चार भावांच्या सह्या एकत्र न येणे. पहिल्याला उपाय आहे: अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रीतसर नोंदवलेला, आणि मध्ये समितीचा शब्द. दुसऱ्याला उपाय चतुर्थीत. चारही भाऊ एका माजघरात असतात, गणपती समोर असतो आणि भांडण दीड किंवा पाच दिवस स्थगित असते. त्या दिवसांत बोलणे करावे.

एवढे जमत नसेल तर गाळा एकाच महिन्यासाठी मागा. एप्रिल-मे महिन्यात बचतगटाच्या बायांना, किंवा चतुर्थीआधी पाट-मखर-कापूरवाल्याला. महिन्याने गाळा ठरल्याप्रमाणे रिकामा करून, झाडून किल्ली परत दिली की पुढच्या वर्षी मालक स्वतः फोन करतो. जपानमधल्या ताकामात्सु शहरात मारुगामेमाची नावाची जुनी बाजारगल्ली आहे. तिथल्या मालकांनी जमिनीची मालकी आपल्याकडेच ठेवली, पण वापर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने सगळ्यांच्या एका कंपनीला दिला, आणि कुठल्या जागी कुठले दुकान हे त्या कंपनीने ठरवले. तिथला नव्याने बांधलेला पहिला भाग २००६ साली उघडला. कट्ट्याला कंपनी काढायची गरज नाही. मालकी न सोडता वापर देता येतो, एवढे मालकांना पटले तरी पुष्कळ.

७. शेजारच्या पेठेशी बोला

आठवडा बाजार ही एका गावाची खासगी गोष्ट नसते. घाटावरून भाजी, कांदे-बटाटे, कपडे आणि भांडी घेऊन येणारा विक्रेता आज मालवण, उद्या दुसरीकडे, परवा कुडाळ असा फिरत असतो. कट्ट्याने आपला वार बदलला किंवा जवळच्या एखाद्या गावाने नवा बाजार सुरू केला तर त्या माणसाची साखळी तुटते आणि तो दोन्हीकडे येणे सोडतो. म्हणून वाराला हात लावण्याआधी ग्रामसभेला विचारा, आणि त्याच्याही आधी त्या विक्रेत्यांना.

शेजारच्या चार-पाच पेठांनी मिळून एकच दिनदर्शिका छापावी. कुठे कुठल्या वारी बाजार, कुठे कांडप, कुठे घाणा, कुठे मोटार दुरुस्ती, कुठल्या दुपारी कोण उघडे. धामापूरचा तलाव बघायला येणाऱ्या पर्यटकाला त्यातच कट्ट्याला जेवण आणि कोकम कुठे मिळेल ते कळावे. चौक्याला चांगले चालणारे दुकान कट्ट्याला पुन्हा काढले तर दोन्ही अर्धपोटी राहतात. हे बोलून ठरते, पण त्यासाठी दोन्ही गावांच्या दुकानदारांनी एकदा एका बाकावर बसावे लागते. निवडणुकीच्या वर्षी हे काम काढू नये.

८. पैसा

आता पैसा. टोरंटो शहरात १९६०च्या दशकात ब्लोर रस्त्याकडे भुयारी रेल्वे आली आणि ट्रामने रस्त्यावरून जाणारे गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. भरीला मोठे मॉल. ब्लोर वेस्ट व्हिलेज या पेठेतल्या दुकानदारांनी ऐच्छिक वर्गणी करून पाहिली, पण काही जण देत आणि फायदा सगळे घेत. त्यांच्या मागणीवरून कायदा झाला आणि १९७० साली जगातला पहिला असा बाजारपट्टा तिथे झाला, की जिथे प्रत्येक दुकानाकडून ठरलेली रक्कम कराबरोबर वसूल होते आणि ती त्याच पेठेवर, दुकानदारांच्याच मंडळाने खर्च करायची.

आपल्याकडे तसा कायदा नाही, पण दोन वाटा आहेत. आठवडा बाजारात बसणाऱ्यांकडून ग्रामपंचायत जागाभाडे घेते, पुष्कळ ठिकाणी त्याचा वर्षाचा लिलाव होतो. त्या रकमेचा ठरावीक हिस्सा बाजारावरच खर्च व्हावा असा ग्रामसभेचा ठराव करून घ्यायचा. दुसरी वाट वर्गणीची. समजा, साठ दुकानांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे ७२,००० होतात. त्यात एक अर्धवेळ झाडूवाली, बल्बांची दुरुस्ती, दिनदर्शिकेची छपाई आणि थांब्यावरचे दोन बाक निघतात. कमान निघत नाही, आणि ते बरेच आहे. जमा-खर्च दर महिन्याला थांब्यावरच्या फळ्यावर खडूने लिहावा. न देणाऱ्यांची नावे लिहू नयेत, देणाऱ्यांची लिहावीत.

९. दोन हंगाम धरा

मे महिन्यात आंबा, काजूगर, कोकम, फणसपोळी आणि पावसाची बेगमी: खारे बांगडे, गोलमो, सुकट. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, वेंगुर्ल्याचा काजू आणि कोकणचा हापूस यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते पुडीवर नावगाव, वजन, तयार केल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक असेल तेव्हाच कामाला येते. चाकरमान्याला मुंबईला न्यायची पुडी हवी असते. वर्तमानपत्रात बांधलेली तो बॅगेत ठेवत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी आणि शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा.

चतुर्थीआधीचे आठ दिवस म्हणजे वार्षिक परीक्षा. गणपतीवरच्या माटवीला लागणारे सगळे, कवंडळे, कांगण्या, शेरवडे, सुपारीचे कातरे, आंबाडे, रानातून आणणाऱ्या बाया घाटावरून येत नाहीत, याच गावांतल्या असतात. त्यांना नाक्यावरची पहिली ओळ द्या आणि त्या दिवसांचे जागाभाडे माफ करा. मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आलेला माणूस मालवणला न जाता कट्ट्यालाच उतरला आणि माटवी, पूजेचे साहित्य, भाजी, पोरांचे फटाके आणि चहा एका फेरीत आटोपला, तर तो पुढची दहा वर्षे तेच करील. गाड्या लावायला शाळेचे मैदान मागून घ्यावे. 

१०. पुन्हा मोजा

पुढच्या दिवाळीनंतर तेच तीन दिवस, त्याच वेळा, तेच तीन रकाने. वर्षभरात काय काय केले याची यादी समोर ठेवून ज्याने आकडा हलला नाही ते बंद करा, मग ते सुचवणारा सरपंच असो की मास्तर. थांबलेल्यांचा आकडा वाढला आणि घेतलेल्यांचा नाही, तर तिसऱ्या पायरीवर परत जा. दोन्ही वाढले आणि तरी दुकानदार धंदा नाही म्हणत असतील, तर तिकडे लक्ष देऊ नका. धंदा बरा चाललाय असे म्हणणारा दुकानदार मालवणी मुलखात अजून जन्माला यायचा आहे.

यंदा सुरू करणार असाल तर पहिली मोजणी डिसेंबर संपायच्या आत उरका. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वही उघडून आकडे वाचता आले पाहिजेत. नुसती मागणी घेऊन गेलात तर विषय १ मेच्या सभेवर जाईल आणि आंब्याचा हंगाम हातचा जाईल.